अनोळखी झुडूप ओळखायचंय? फुलाकडे जरा उशिरा बघा

सोसायटीच्या बागेतलं एखादं झुडूप अचानक फुलतं, कोणीतरी फुलाचा अगदी जवळून फोटो काढून ग्रुपवर टाकतं आणि विचारतं, "हे काय आहे?" थोड्याच वेळात उत्तरं येऊ लागतात. तगर. अनंत. मोगरा. कुंती. एक काका ठामपणे सांगतात की आमच्या गावी याला चांदणीच म्हणतात. यातलं कुठलंही उत्तर बरोबर असू शकतं, कारण फोटोत एक पांढरं फूल आहे आणि मागे धूसर हिरवं काहीतरी. ओळख पटवायला लागणारी बरीचशी माहिती त्या धूसर हिरव्यातच होती.

बागेतलं झुडूप ओळखणं रानातल्यापेक्षा एका अर्थाने सोपं असतं. आपल्याकडच्या नर्सऱ्या फिरून फिरून तीच तीच फुलझुडपं विकतात, त्यामुळे शक्यतांची यादी तशी आटोपशीर असते. अवघड भाग असा, की या यादीत सगळ्या जगातली झाडं एकत्र आलेली आहेत. अनंत चीन-जपानकडचा, निळा चित्रक दक्षिण आफ्रिकेचा, बोगनवेल ब्राझीलच्या बाजूची. शिवाय माणसाने त्यांचे रंग, आकार, पाकळ्यांची संख्या हवी तशी बदलून घेतली आहे. जे बदललं जातं त्यावरून ओळखायला गेलं की चकवा बसतो, आणि माणसाने सगळ्यात जास्त बदललं आहे ते फूलच.

रंगाचंच बघा. मधुमालती (ती वेल आहे, पण उदाहरण फार चांगलं आहे) संध्याकाळी पांढरी उमलते आणि पुढच्या एक-दोन दिवसांत गुलाबी, मग लाल होते. घाणेरीच्या एकाच गुच्छात मधली ताजी फुलं पिवळी आणि कडेची जुनी फुलं गुलाबी किंवा केशरी असतात. ब्रुन्फेल्सियाच्या झुडपावर जांभळी, फिकट जांभळी आणि पांढरी फुलं एकाच वेळी दिसतात. ती तीन जातींची कलमं नव्हेत. एकच फूल वय वाढेल तसं फिकं पडत जातं. जास्वंद आणि कण्हेरीचे रंग मोजायला बसू नये. उलट तगर आणि डबल अनंत लांबून जुळ्या बहिणी वाटतात, पण त्यांची कुळं वेगळी आहेत.

पान फांदीला कुठे जोडलंय?

म्हणून सुरुवात फुलापासून नको. फांदीचं असं टोक निवडा जिथे माळ्याची कात्री नुकतीच फिरलेली नाही, आणि पानाचा देठ फांदीला जिथे मिळतो ती जागा बघा. या जागेला पेर म्हणतात. एका पेरातून किती पानं निघतात? एकच निघत असेल आणि पुढचं पान दुसऱ्या बाजूला, तर ती एकाआड एक रचना. जास्वंद, रातराणी, बिट्टी यांची तशी असते. दोन पानं समोरासमोर असतील तर तगर, अनंत, मोगरा, एक्झोरा, घाणेरी या बाजूला विचार करायचा. तीन किंवा चार पानं एकाच पेराभोवती गोल असतील तर कण्हेर, अलमांडा, हॅमेलिया. अनंत आणि मोगरा कधीकधी तीन पानं दाखवून गोंधळ घालतात, म्हणून एका पेरावर निकाल देऊ नका, चार-पाच पेरं बघा.

ही रचना इतकी महत्त्वाची का? फुलाचा रंग एखाद्या छोट्याशा बदलानेही पालटतो. पानांची मांडणी फांदीच्या वाढत्या टोकाशीच ठरते, आणि बहुतेक कुळांत ती पिढ्यान् पिढ्या फारशी बदलत नाही. नर्सरीवाल्यांनी फुलांशी कितीही खेळ केला तरी तगरीची पानं समोरासमोरच राहतात.

इथे हमखास फसवणारी एक गोष्ट आहे: संयुक्त पान. कुंतीच्या झुडपाकडे बघितलं तर बारक्या काडीवर एकाआड एक छोटी चकचकीत पानं दिसतात. ती पानं नव्हेतच. ती काडी आणि तिच्यावरचं सगळं मिळून एक पान, आणि छोटी पानं म्हणजे त्याच्या पर्णिका. ओळखायची खूण साधी आहे. खऱ्या पानाच्या बगलेत, म्हणजे देठ आणि फांदी यांच्या बेचक्यात, बारीकशी कळी असते. पर्णिकेच्या बगलेत ती नसते. कळी सापडेपर्यंत मागे मागे जात राहायचं; जिथे सापडली तिथून पुढचं सगळं एकच पान. शेवग्यावर, कढीपत्त्यावर हे एकदा करून बघितलं की पुन्हा चुकत नाही.

पान तोडून बघा, पण चाखू नका

पुढची तपासणी फोटोत कधीच येत नाही. एक पान देठापासून तोडा आणि जखमेकडे बघा. पांढरा दाट चीक आला तर शोध एकदम अरुंद होतो. बागेतल्या झुडपांत असा चीक मुख्यतः दोन कुळांत मिळतो. एक कण्हेर-तगर-चाफा-करवंद यांचं, दुसरं पॉइन्सेटिया आणि निवडुंगासारख्या दिसणाऱ्या शेराचं. उन्हाळ्यात करवंदं खाताना ओठांना जे चिकट चिकट लागतं, तोच हा चीक. करवंद गोड लागतं म्हणून हे कुळ गरीब आहे असं मात्र समजू नका. कण्हेर आणि बिट्टी दोन्हींत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी विषं आहेत, आणि बिट्टीच्या बियांनी दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत माणसं दगावली आहेत. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, हात धुवा, आणि अनोळखी झाडाचं काहीही तोंडात घालून "चवीवरून ओळखण्याचा" प्रयोग करू नका. ॲपने खाली "खाण्यायोग्य" लिहिलेलं असलं तरी नाही.

चीक नसेल तर पान चुरगळून वास घ्या. कुंतीचं पान चुरगळलं की लिंबाच्या पानाच्या जातकुळीतला वास येतो, कारण ती लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या कुळातलीच आहे. तेच पान उन्हासमोर धरा. आत बारीक बारीक उजळ ठिपके दिसतात, तेलाच्या ग्रंथी. लिंबाचं पान शेजारी धरून बघा, तेच ठिपके. घाणेरीचा उग्र वास तर नावातच आहे. तिचं खोड बोटांत फिरवलं की चौकोनी लागतं, आणि बारीक आकडेही टोचतात.

पांढऱ्या फुलांचा गुंता सोडवून बघू

आता त्या ग्रुपवरच्या झुडपाकडे येऊ. फूल पांढरं, सुवासिक, पानं गडद हिरवी आणि तकतकीत. उमेदवार चार.

पहिला प्रश्न, पानं एकाआड एक आणि संयुक्त आहेत का? असतील तर कुंती. फुलाकडे वळून खात्री करता येते: पाच सुट्या, मागे वळलेल्या पाकळ्या आणि दहा पुंकेसर, एक लांब एक आखूड अशा क्रमाने. पावसाची एखादी जोरदार सर येऊन गेली की काही दिवसांत हे झुडूप एकदम पांढरं होतं, आणि फुलं गळली की छोटी लालसर फळं धरतात.

पानं साधी आणि समोरासमोर असतील तर तिघं उरतात: तगर, अनंत, मोगरा. पान तोडा. पांढरा चीक आला की तगर. तगरीची आणखी एक खूण मला फार आवडते. समोरासमोरच्या जोडीतलं एक पान बऱ्याचदा दुसऱ्यापेक्षा लहान असतं, आणि फांदी दर काही पेरांनी दोन फाट्यांत फुटत जाते. फुलं बहुधा त्या बेचक्यांपाशी येतात. एकेरी तगरीच्या पाचही पाकळ्या एकाच दिशेला किंचित मुरडलेल्या असतात, अगदी जत्रेतल्या भिरभिऱ्यासारख्या. हे मुरडणं कळीतच असतं. न उमललेली कळी बघितली तर टोकाशी पाकळ्या पीळ देऊन गुंडाळलेल्या दिसतात. पुंकेसर शोधायला गेलात तर सापडत नाहीत, ते नळीच्या आत दडलेले असतात. फळ धरलं तर तेही जोडीनेच येतं, वाकडं, टोकदार, आतून लाल गराचं. कार्ल लिनिअसने १७५३ साली वनस्पतींना दोन शब्दी नावं दिली तेव्हा तगरीला कण्हेरीच्याच गटात टाकलं होतं. पुढे ती वेगळी काढली गेली, पण कुळ आजही तेच आहे.

चीक नसेल तर अनंत की मोगरा? आता नजर पुन्हा पेरावर. अनंताच्या कोवळ्या फांदीवर दोन समोरासमोरच्या देठांच्या मधल्या जागेत एक पातळ पापुद्रा असतो, पेराला वेढून बसलेला. हे उपपर्ण. भिंग असेल तर उत्तम, नसेल तर फोनचा कॅमेरा जवळ नेऊन मोठं करून बघा. मोगऱ्याला तो नसतो. हा पापुद्रा म्हणजे एका मोठ्या कुळाची सहीच आहे: कॉफी, एक्झोरा, मुसांडा, हॅमेलिया, पेंटास आणि आपला कदंब, सगळ्यांच्या देठांच्या मध्ये तो कुठल्या ना कुठल्या रूपात सापडतो. एक्झोराचा त्रिकोणी आणि टोकदार असतो. समोरासमोर साधी पानं आणि मध्ये उपपर्ण, एवढं दिसलं की फूल नसतानाही कुळ सांगता येतं. ही एकच गोष्ट शिकलात तरी बागेतल्या बऱ्याच झुडपांचा निकाल लागतो.

मोगऱ्याची खात्री एकेरी फुलावर करायची. नळी उभी चिरली की आत फक्त दोन पुंकेसर. जाई, जुई, सायली, कुंदा, सगळ्यांना दोनच. आणि अनंताचं फूल शिळं होताना पांढऱ्याचं पिवळट होत जातं.

फळाचं टोक काय सांगतं?

अनंताची आणखी एक खूण कळायला स्वयंपाकघरात जावं लागेल. वांगं घ्या आणि डाळिंब घ्या. वांग्याची हिरवी टोपी देठाच्या बाजूला असते. डाळिंबाचा तुरा मात्र देठाच्या विरुद्ध टोकाला. टोपी काय आणि तुरा काय, दोन्ही म्हणजे फुलाची जुनी बाहेरची दलं. वांग्याच्या फुलात फळ धरणारा भाग, अंडाशय, दलांच्या वर होता. डाळिंबात तो खाली होता, म्हणून फळ वाढल्यावर दलं त्याच्या डोक्यावर राहिली. भोपळ्याच्या मादी फुलामागे जो इवलासा भोपळा दिसतो, तोही खालचाच अंडाशय. अनंताचा अंडाशय असाच फुलाखाली असतो आणि फळाच्या टोकावर लांब दलांचा तुरा राहतो. तगर आणि मोगऱ्यात तसं नसतं. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात हे वाचताना झोप येते, पण एक फूल ब्लेडने उभं चिरलं की अर्ध्या मिनिटात कळतं.

पिवळ्या घंटांचं त्रिकूटही याच पद्धतीने सुटतं, आणि झटकन. पिवळं, घंटेच्या आकाराचं फूल दिसलं की लोक टिकोमा, अलमांडा आणि बिट्टी यांच्यात अडकतात. पान संयुक्त आणि पर्णिकांच्या कडा करवतीसारख्या दातेरी? टिकोमा. चीक नाही, आणि फळ म्हणजे लांब शेंग, आत पातळ पंखांच्या बिया. चीक आहे आणि पानं तीन-चार एका पेरावर? अलमांडा. चीक आहे, पानं अरुंद, लांब आणि फांदीभोवती एकेक करून विखुरलेली? बिट्टी, आणि खाली जमिनीवर तिची हिरवी-काळपट टणक फळंही पडलेली असतात. लहान मुलं ती खेळायला उचलतात, तेवढं बघा.

लाल गुच्छांचं त्याहून सोपं. एक्झोरा आणि पेंटास दोन्हींचे गुच्छ सारखे वाटले तर एका फुलाच्या पाकळ्या मोजा. चार म्हणजे एक्झोरा, पाच म्हणजे पेंटास. जास्वंदीचा लांब दांडा, ज्यावर पुंकेसर सगळीकडून फुटलेले असतात, तो एकदा ओळखीचा झाला की तिचं कुळ कुठेही सापडतं. भेंडीचं फूल आणि कापसाचं फूल उघडून बघा, तोच दांडा आत आहे. निळ्या चित्रकाच्या फुलामागचं हिरवट नळकांडं हाताला चिकटतं, त्यावर चिकट लव असते. पोरी ती फुलं कानाला चिकटवतात.

पाकळ्या नसलेल्या पाकळ्या, आणि डबल फुलं

बोगनवेलीत रंगीत दिसतात ती फुलांच्या सोबतची पानं, सहपत्रं. खरं फूल म्हणजे त्यांच्या मध्ये उभी असलेली बारीक पांढरट नळी. पॉइन्सेटियाची लाल "पाकळी" सुद्धा पानच. मुसांड्यात वेगळीच गंमत आहे. सह्याद्रीत पावसाळ्यात दिसणाऱ्या भूतकेसाच्या केशरी छोट्या फुलाजवळ एक पांढरं पान लटकलेलं असतं. ते फुलाच्या बाहेरच्या पाच दलांपैकी एक, प्रमाणाबाहेर वाढलेलं. बागेतल्या गुलाबी, फुगीर मुसांड्यांत पाचही दलं वाढवलेली आहेत. अशा काही जाती फिलिपिन्समध्ये तयार झाल्या आणि त्यांना तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नींची नावं दिली गेली. झुडूप वर्षातले अनेक महिने रंगीत दिसतं आणि तरी "फूल" सुकत का नाही असा प्रश्न पडला, तर बहुधा आपण दल किंवा सहपत्र बघतोय.

डबल फुलांत याच्या उलट अडचण. डबल तगर, डबल जास्वंद, डबल अनंत यांच्यात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. त्यामुळे पाकळ्या मोजणं, पुंकेसर मोजणं, सगळं बाद. फळही बहुतेक वेळा धरत नाही. मला स्वतःला डबल फुलं तितकीशी आवडत नाहीत, पण नर्सरीत मागणी त्यांनाच आहे, तेव्हा त्यांच्याशी जुळवून घ्यावं लागतं. अशा झुडपाला फक्त पान, पेर आणि चीक विचारायचं. ते उत्तर बदलत नाही.

फोनला काय दाखवायचं?

गूगल लेन्स, प्लांटनेट, आयनॅचरलिस्ट ही साधनं उपयोगी आहेत, आणि मी ती वापरतो. प्लांटनेट तर फोटो फुलाचा आहे, पानाचा, फळाचा की खोडाचा, हेही विचारतं. पण फोन पान तोडू शकत नाही, चीक बघू शकत नाही, वास घेऊ शकत नाही. त्याने सुचवलेलं नाव म्हणजे उमेदवार समजायचा आणि वरच्या कसोट्या स्वतः लावायच्या. "तगर" असं उत्तर आलं आणि देठातून चीक आला नाही, तर फोन चुकला.

विचारायचं कोणालाही असो, फोटो नीट काढा. साडेतीनशे वर्षांपूर्वी कोचीचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्यात ७०० हून अधिक चित्रं आहेत. त्या कामात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांचा हात होता; त्यांनी नागरी लिपीत लिहिलेलं कोंकणी प्रमाणपत्रही पहिल्या खंडात छापलेलं आहे. सांगायचा मुद्दा असा, की त्या चित्रांत नुसतं फूल सहसा नसतं. पानांसकट फांदी, कळी, फूल, मिळेल तिथे फळ, सगळं एकत्र काढलेलं असतं. आपल्या फोटोंत तेवढंच हवं: पूर्ण झुडूप, पेर स्पष्ट दिसेल अशी फांदी, पानाची दोन्ही अंगं, फूल समोरून, बाजूने आणि मागून, आणि असेल तर फळ. शेजारी एक नाणं ठेवलं की आकार कळतो.

इतकं करून कुळ आणि प्रजातीपर्यंत पोहोचलात तर बागेसाठी ते बहुधा पुरेसं असतं. जास्वंदीच्या संकरांची व्यापारी नावं शोधत बसण्यात अर्थ नाही. लेबल हरवलेल्या कलमाचं नेमकं नाव, ते तयार करणाऱ्यालाही नुसत्या फुलावरून सांगता येईलच असं नाही. झुडूप कुठल्याच यादीत बसत नसेल तर मात्र नमुना जपावा. जवळच्या कॉलेजचा वनस्पतिशास्त्र विभाग गाठा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम. तिथले अभ्यासक वाळवलेल्या नमुन्यांवरच काम करतात. हातभर नसली तरी वीतभर फांदी, फुलाफळासकट, वर्तमानपत्राच्या घडीत पसरून वर जाड पुस्तकांचं ओझं ठेवायचं, आणि पहिले काही दिवस कागद रोज बदलायचा. पावसाळ्यात तर नक्कीच, नाहीतर बुरशी येते. वाळल्यावर जे नाहीसं होणार ते आधीच चिठ्ठीवर लिहून आत ठेवायचं: फुलाचा रंग, वास, झुडपाची उंची, चीक होता की नाही, गाव आणि तारीख.